निवृत्तीनंतर उडायचंय? मग घर पावसाळ्यात शोधा

ऑक्टोबरमध्ये बीरला, म्हणजे हिमाचलातल्या पॅराग्लायडिंगच्या गावी जाऊन कोणीही घर घ्यायचं ठरवू नये. ऑक्टोबरमधलं बीर म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम. धौलाधारची रांग न्हाऊनमाखून उभी असते, वर बिलिंगच्या टेकऑफवर, म्हणजे जिथून उडी घ्यायची त्या उतारावर, वारा अगदी समोरून आणि हवा तेवढाच, खाली चहाचे मळे, संध्याकाळी तिबेटी वस्तीत गरम थुकपा. अशा वेळी माणूस होकार देऊन मोकळा होतो. मीही देणारच होतो. निवृत्तीला दीड वर्ष होतं आणि एका घराचा वरचा मजला पसंतही पडला होता. तेव्हा हिने एवढंच विचारलं, "अहो, आणि जुलैत?"

जुलैत बीरला उडता येत नाही. १५ जुलै ते १५ सप्टेंबर हिमाचल सरकारच पॅराग्लायडिंग बंद ठेवतं. हे मला वीस वर्षं माहीत होतं, पण घर बघताना डोक्यातही आलं नाही. सुट्टीवर जाणारा माणूस उडायच्या दिवसांत जातो. निवृत्त होऊन राहायला गेलेला माणूस तिथे उरलेल्या दिवसांतही असतो, आणि उरलेले दिवसच जास्त असतात. पुढच्या पायऱ्या या एका प्रश्नातून निघाल्या आहेत. साठीच्या आसपासच्या, स्वतःचा ग्लायडर असलेल्या हौशी पायलटांसाठी हा लेख आहे. पर्यटक म्हणून एकदा टँडेम, म्हणजे पायलटच्या पुढ्यात बसून उड्डाण केलेल्यांनी गाव बदलायची घाई करू नये.

पायरी पहिली : लॉगबुक उघडा

आपण कसे उडतो याबद्दल आपली एक समजूत असते आणि लॉगबुकात दुसरंच काही लिहिलेलं असतं. मी स्वतःला क्रॉस-कंट्रीवाला, म्हणजे लांब पल्ल्याचा पायलट समजत होतो. पाच वर्षांच्या नोंदी काढून बसलो तर बहुतेक उड्डाणं टेकडीच्या धारेवर, संध्याकाळच्या वाऱ्यात, अर्ध्या-पाऊण तासाची. लांब पल्ल्याची उड्डाणं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तीही बीरची.

हे आधी कळलं पाहिजे, कारण प्रत्येक प्रकाराला गाव वेगळं लागतं. धारेवर तरंगणाऱ्याला समुद्राकडून येणारा एकसारखा वारा आणि एक बरीशी टेकडी पुरते. गोव्यात केरी-हरमलचा कडा किंवा कामशेतची संध्याकाळ त्याला भरपूर झाली. थर्मलमध्ये, म्हणजे जमिनीवरून वर उठणाऱ्या गरम हवेत चढून दरी ओलांडायची असेल तर पाचगणी, आणि ढगाच्या तळापर्यंत जाऊन डोंगररांगेच्या कडेकडेने तासन्‌तास जायचं असेल तर बीर. बीरचं नाव उगाच झालेलं नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये पॅराग्लायडिंगचा विश्वचषक भारतात पहिल्यांदा झाला तो तिथेच.

वयाचा हिशेबही इथेच करा. मार्च-एप्रिलच्या दुपारी दख्खनच्या तापलेल्या काळ्या जमिनीवरून सुटणारे थर्मल लाथा घालतात. चाळिशीत त्या लाथांची मजा वाटते, बासष्टाव्या वर्षी मान अवघडते. शिवाय पाठीवर १५ किलोची पिशवी घेऊन टेकऑफपर्यंत चढायचं असतं. बिलिंगला बीरहून १४ किलोमीटर गाडी जाते, गुडघे वाचतात. सह्याद्रीतल्या काही टेकऑफना मात्र शेवटचा चढ पायीच आहे. तो चढ आज जमतो का, एवढंच बघून भागत नाही. आणखी दहा वर्षांनी जमेल का, ते बघायचं.

पायरी दुसरी : उडण्याजोगे दिवस मोजा, पण खोटे नकोत

कुठल्याही पॅराग्लायडिंगच्या गावी विचारलं की "सीझन ऑक्टोबर ते मे" हे उत्तर तयार असतं. आठ महिने म्हणजे २४० दिवस, असा गुणाकार करून मोकळं होऊ नका.

सह्याद्रीचा दिवस कसा चालतो ते आधी ध्यानात घ्या. हिवाळ्यात सकाळी वारा पूर्वेकडून, मंद. दहा-अकरानंतर थर्मल सुटतात. दुपारनंतर कोकणातला समुद्री वारा घाट चढून वर येतो आणि वारा पश्चिमेचा होतो. म्हणजे एकाच दिवसात वारा पाठ फिरवतो. ज्या गावाजवळ पूर्वेकडे तोंड असलेली एक आणि पश्चिमेकडे तोंड असलेली एक अशा दोन टेकड्या आहेत, तिथे उडण्याजोगे दिवस जवळजवळ दुप्पट होतात. एकाच टेकडीच्या भरवशावर घर घेतलेला माणूस निम्मा सीझन चहा पीत वाऱ्याची वाट बघतो. पायलटमंडळी त्याला पॅरावेटिंग म्हणतात. कामशेत आणि पाचगणीची खरी ताकद आजूबाजूला वेगवेगळ्या दिशांची टेकऑफ असण्यात आहे. जाहिरातीत फक्त दरीचा फोटो असतो.

एप्रिल-मेमध्ये पश्चिमेचा वारा जोर धरतो. दुपारी तीनच्या आसपास पूर्वेला वळवाचे ढग चढू लागले की ग्लायडर पिशवीत. वळवाच्या पुढे धावणारा वारा दहा किलोमीटरवरूनही येऊन गाठतो.

आता मोजायचं कसं? तीन साधनं पुरतात.

पहिलं एक्सकॉन्टेस्ट. जगभरचे पायलट आपल्या उड्डाणांच्या नोंदी तिथे टाकतात. आपल्याला हव्या त्या टेकऑफची मागच्या चार-पाच वर्षांची उड्डाणं महिन्यावार बघा. फक्त एक लक्षात ठेवा, तिथे चांगले दिवस आणि चांगले पायलट दिसतात. ज्या दिवशी सगळे टेकडीवरून पायी खाली आले, त्या दिवसाची नोंद कोणी टाकत नाही.

दुसरं विंडीसारखं हवामानाचं ॲप. आपल्या टेकऑफसाठी ताशी १२ ते २० किलोमीटर वारा, दिशा समोरची, ही माझी पट्टी आहे. तुमची वेगळी असेल. पण घाटाच्या कड्याजवळ या ॲपवर आंधळा विश्वास नको. त्यातलं चांगल्यात चांगलं युरोपीय प्रारूपही साधारण ९ किलोमीटरच्या चौकटीत विचार करतं, आणि ९ किलोमीटरच्या चौकटीत वाई-पाचगणीमधला पसरणीचा अख्खा घाट सपाट होऊन जातो.

तिसरं साधन कागद-पेन्सिल. दुपारचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं तो) यांची वजाबाकी करा आणि १२५ ने गुणा. ढगाचा तळ जमिनीपासून साधारण किती मीटरवर असेल ते कळतं. तापमान ३२, दवबिंदू १२, फरक २०, म्हणजे तळ २,५०० मीटरवर. लांब पल्ल्याला झकास दिवस. फरक ८ वर आला तर ढग १,००० मीटरवर लोंबतात. मग धारेवर फेऱ्या मारा आणि घरी या.

एवढं करून शनिवार-रविवार गर्दीमुळे वजा करा. तुमचं काय जातं? निवृत्त माणसाला मंगळवार असतो. लग्नकार्यं, दुखणी-खुपणी, नातवंडांच्या सुट्ट्या वजा करा. सह्याद्रीत वर्षाला १०० दिवस हाती राहिले तर स्वतःला नशीबवान समजा. उरलेल्या २६५ दिवसांसाठी पुढची पायरी.

पायरी तिसरी : जुलैत जाऊन राहा

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि लोक हीच गाळतात.

सह्याद्रीत पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे इतक्या झपाट्याने कमी होतो की चार गावं पलीकडे हवामान बदलतं. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून १९-२० किलोमीटरवर पाचगणीला त्याच्या साधारण तिसरा हिस्सा. पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की पुण्यासारखाच बेताचा. लोणावळा, कामशेत, तळेगाव, पुणे या रांगेतही तोच उतार. उडायला डोंगराची धार हवी, पण राहायलाही धारेवरच हवं असं कुठे लिहिलंय? माझा पहिला ठोकताळा इथून निघाला. टेकऑफ घाटमाथ्यावर असू दे, घर पर्जन्यछायेत असावं. मध्ये अर्ध्या तासाचा रस्ता चालतो.

आम्ही एका जुलैत पाचगणीत भाड्याने राहिलो. पहिले तीन दिवस काय वर्णावे! चौथ्या दिवशी धुकं खिडकीतून आत येऊन सोफ्यावर बसलं. सहाव्या दिवशी कपडे वाळेनात, दहाव्या दिवशी कपाटातल्या माझ्या लेदरच्या चपलेला पांढरी बुरशी. हिचे सांधे बोलायला लागले. आणि मग मी ग्लायडरची पिशवी उघडून हुंगली. ज्यांनी दमट ग्लायडर हुंगलाय त्यांना पुढचं सांगायला नको. नायलॉनचं कापड ओलाव्यात ठेवलं की बुरशी धरते आणि त्यावरचा लेप खराब होतो. मग कापडातून हवा झिरपते आणि एवढी महागाची वस्तू वेळेआधी म्हातारी होते. समुद्रकाठी खारी हवा आणि वाळू हेच काम दोऱ्यांवर करतात, म्हणून गोव्याचं स्वप्न बघणाऱ्यांनी दर वर्षी दोऱ्या तपासण्याचा खर्च धरावा.

दुसऱ्या जुलैत आम्ही पंधरा दिवस वाईत काढले. भुरभुर पाऊस, मध्येच ऊन, कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जाताना बघायला रोज संध्याकाळी निम्मं गाव जमलेलं. हिला लोक भेटले. मला उडता येत नव्हतं तरी चिडचिड झाली नाही, ही आमच्या घरी बातमीच होती. उन्हाळ्यात वाई पाचगणीपेक्षा चारेक अंशांनी तापते. जवळजवळ ६०० मीटरचा फरक आहे, तेवढं होणारच. त्यावर कूलर आहे. बुरशीवर आमच्याकडे काही नव्हतं.

बीरसाठी हीच परीक्षा दोनदा द्यावी लागते, पावसाळ्यात आणि जानेवारीत. पावसाळ्यात दरडी आणि बंद रस्ते. पठाणकोटहून येणाऱ्या कांगड्याच्या छोट्या रेल्वेचा चक्की नदीवरचा पूल ऑगस्ट २०२२ मध्ये पुरात कोसळला, तेव्हा त्या गाडीवर अवलंबून असणाऱ्यांचे काय हाल झाले ते तिथल्या लोकांकडूनच ऐकावं. जानेवारीत पहाटे नळाचं पाणी हातावर घेववत नाही. पंचवीस वर्षं कोथरूडच्या फ्लॅटमध्ये काढलेल्या माणसाने थंडी सुंदर असते असं ठरवण्याआधी ती एकदा अंगावर घ्यावी.

पायरी चौथी : टेकडी कोणाची आहे, ते शोधा

राजकारण म्हटलं की आपल्याला दिल्ली-मुंबई आठवते. पायलटचं राजकारण त्याहून फार जवळचं असतं. आकाश कोणाच्या बापाचं नाही, पण उडायची टेकडी आणि उतरायचं शेत कोणाचं ना कोणाचं असतंच.

महाराष्ट्रात हे शोधणं आता अवघड नाही. सरकारच्या महाभूनकाशावर टेकडीचा गट नंबर काढा आणि महाभूलेखवर त्याचा सातबारा बघा. टेकडी गायरान निघाली तर ग्रामपंचायतीचा शब्द चालतो. वनखात्याची निघाली तर उद्या कोणी नवा अधिकारी येऊन फाटक लावू शकतो. खासगी निघाली तर तिथे बंगल्यांची योजना येईपर्यंतच तुमचं टेकऑफ. सातबाऱ्यावर मालक म्हणून एखाद्या डेव्हलपरचं नाव दिसलं, तर त्या टेकडीच्या जिवावर दहा वर्षांचं आयुष्य बेतू नका. मी घर बघण्याआधी चार टेकड्यांचे सातबारे काढले होते. तलाठी कार्यालयातल्या माणसाला मी डोंगर विकत घ्यायला आलोय असं वाटलं.

उतरायच्या शेताचं राजकारण याहून नाजूक. वाईच्या खोऱ्यात ऊस आणि हळद. उंच उसात उतरलेला ग्लायडर काढायला दोन तास लागतात आणि शेतकऱ्याचं नुकसान होतं ते वेगळंच. नुकसान झालं की जागेवर पैसे द्यावेत आणि रामराम करून यावं. एक पायलट हुज्जत घालून गेला की पुढची दोन वर्षं बाकीच्यांना ते शेत बंद. गावात राहायला जाणाऱ्याचं तर तोंड रोज दिसणार असतं. ग्रामसभेला एकदा जाऊन मागे बसा. पाण्याच्या टँकरवर भांडण होतंय की रिसॉर्टच्या परवानग्यांवर, बाहेरच्यांना "तुम्ही" म्हणतात की "ते पुण्यामुंबैचे", हे एका तासात कळतं. कामशेतच्या बाजूला तर निम्मे डोंगर शहरातल्या लोकांनी घेतलेले, त्यामुळे तिथे ही जखम जास्त ओली आहे.

टेकडीच्या वरचं राजकारणही असतं. नेपाळमधल्या पोखऱ्याचं उदाहरण बघा. सारंगकोटवरून फेवा तलावावर तरंगायला जगभरचे पायलट जायचे. १ जानेवारी २०२३ ला पोखऱ्याचं नवं आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झालं आणि विमानांच्या वाटेत येतात म्हणून उड्डाणांच्या जागा हलवाव्या लागल्या. टेकडी तिथेच राहिली, वाराही तोच. आपल्याकडे नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालंय, पुरंदरचं कागदावर आहे आणि तिथल्या गावांचा विरोधही जुना आहे. विमानतळ आलं की आजूबाजूच्या आकाशाचे नियम बदलतात. म्हणून मावळात किंवा पुण्याच्या दक्षिणेला घर बघणाऱ्याने स्थानिक पायलटांना हा प्रश्न जरूर विचारावा.

एक सोपी खूणही आहे. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे. जिथे पवनचक्की लावणं परवडतं, तिथला वारा बहुधा पॅराग्लायडरच्या कामाचा नसतो. एखाद्या टेकडीवर नवीन पवनचक्क्यांचं सर्वेक्षण चाललंय असं कानावर आलं तर पुढची टेकडी बघा.

पायरी पाचवी : घर आपलं होऊ शकतं का?

इथे पक्ष बदलले तरी कायदे टिकतात, म्हणून निवडणुकीच्या निकालांपेक्षा कायदे वाचा. हिमाचलमध्ये १९८५ नंतर एकही सरकार लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून आलेलं नाही, पण १९७२ च्या कुळ व जमीन सुधारणा कायद्याचं कलम ११८ अजून जागेवर आहे. हिमाचलचा शेतकरी नसलेल्या माणसाला सरकारी परवानगीशिवाय तिथे जमीन घेता येत नाही. तुमचा महाराष्ट्रातला सातबारा तिथे चालत नाही. "इथल्या माणसाच्या नावावर घेऊ, आपण फक्त राहू" असं सांगणारा भेटेलच. त्याला नमस्कार करावा आणि चालू पडावं. तो सौदा बेनामी आहे, आणि उतारवयात कोर्टाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा बिलिंग पायी चढलेलं बरं. बीरला राहायचं तर भाड्याने राहा. मला हा कायदा वाईटही वाटत नाही. तो नसता तर आज बीरला लँडिंगला जागाच उरली नसती.

उत्तराखंडही, म्हणजे भीमतालचे पायलट लक्षात घ्या, बाहेरच्यांच्या खरेदीवर मर्यादा घालत आला आहे आणि २०२५ मध्ये त्या आणखी कडक झाल्या. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण परक्याला जमीन सहजी मिळत नाही, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत आंदोलनात सरकार कसं पडलं ते सगळ्यांनी पाहिलं. पोखऱ्याला तीन महिने जाऊन यावं, मुक्काम हलवू नये, असं माझं मत. गोव्यात नगरनियोजन कायद्यातली जमिनीच्या झोनबदलाची कलमं, १७(२) आणि ३९अ, यांवरून कोर्टकचेऱ्या चालूच असतात. तिथे तयार फ्लॅट, जुना, कागद पूर्ण असलेला, एवढंच बघावं.

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असायला हवं. नसाल तर बिनशेती, म्हणजे एनए प्लॉट किंवा गावठाणातलं घर. "गुंठ्यावर देतो, नंतर एनए होईल" यातलं "नंतर" फार लांबतं. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन) असं दिसलं किंवा देवस्थान इनाम दिसलं तर वकील गाठा.

घाटाच्या कडेला आणखी एक थर आहे. महाबळेश्वर-पाचगणी हा भाग १७ जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि बांधकामावर बंधनं आहेत. त्याच्या पलीकडे नवीन महाबळेश्वरचा प्रकल्प आखला गेला. आधी २३५ गावं, मग त्यात आणखी भर. एका बाजूला जपणूक, दुसऱ्या बाजूला नवं गिरिस्थान, आणि दोन्ही नकाशे एकमेकांना खेटून. संपूर्ण पश्चिम घाटासाठी तर २०१४ पासून मसुद्यांवर मसुदे निघताहेत. ३१ जुलै २०२४ च्या सहाव्या मसुद्यात सहा राज्यांतलं सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. तुमचं गाव कोणत्या यादीत आहे ते तहसील कार्यालयात विचारा. यादीतलं गाव मला तरी फायद्याचं वाटतं. बंगला बांधायला त्रास होईल, पण समोरची टेकडीही कोणी कापणार नाही.

पायरी सहावी : हाड मोडलं तर

मोडतं. बहुधा घोटा, नाहीतर कंबर, आणि बहुधा उतरताना. म्हणून टेकऑफपासून चांगल्या अस्थिरोग विभागापर्यंत गाडीने किती वेळ लागतो ते स्वतः, रविवारी संध्याकाळी, गाडी चालवून मोजा. कामशेतहून तळेगाव जवळ, पुण्याची मोठी रुग्णालयंही आवाक्यात, पण रविवारी संध्याकाळी द्रुतगती महामार्गावर लोणावळ्याहून परतणारी गर्दी असते. वाईहून सातारा आणि पुणे. बीरहून टांड्याचं सरकारी मेडिकल कॉलेज डोंगरी रस्त्याने दीड-दोन तास.

आरोग्यविम्याच्या पॉलिसीत साहसी खेळांचं एक ठरावीक वगळणारं कलम असतं, क्रमांक ९. त्यात "व्यावसायिक म्हणून" भाग घेतल्यास असे शब्द आहेत. हौशी पायलटला ते शब्द तारतात. पण निवृत्तीनंतर चार पैशांसाठी पर्यटकांना टँडेम उडवायला लागलात की तुम्ही व्यावसायिक झालात. वैयक्तिक अपघात विम्याच्या अटी निराळ्या असतात. एजंटच्या तोंडी हमीवर जाऊ नका, लेखी विचारा.

पायरी सातवी : अकरा महिने

घर घेऊ नका. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार करा आणि करार जूनमध्ये सुरू होईल असं बघा. सुरुवातच पावसाळ्याने झाली की पहिल्या चार महिन्यांत गावाचं खरं रूप दिसतं, आणि ऑक्टोबर येईस्तोवर तुम्ही तिथे कंटाळला नसाल तर पुढे कंटाळणार नाही. शहरातला फ्लॅट विकायची घाई तर अजिबात नको.

या अकरा महिन्यांत, जो उडत नाही त्याचा आठवडा कसा जातो ते बघा. आमच्याकडे हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा होता, तो मी सातव्या पायरीवर आणलाय. यावरून काय ते समजा. हिने वाईच्या बाजूने मत दिलं त्यात वाऱ्याचा काही संबंध नव्हता. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोश याच गावात बसून उभा केला, त्याचं कार्यालय अजून इथे आहे. कृष्णाबाईचा उत्सव असतो, व्याख्यानं असतात, भाजी आपल्या चवीची मिळते आणि बँकेत मराठी चालतं. पाचगणीच्या वरच्या अंगाला भिलार, ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव. टेकऑफवर वारा पाठचा लागला की मी तिथल्या एखाद्या घराच्या ओसरीवर वाचत बसतो. पॅरावेटिंगची इतकी चांगली सोय दुसरीकडे नाही.

मग आम्ही काय केलं

बीरला घर नाही, पण दर ऑक्टोबरात तीन आठवडे. तेव्हा बीर सुंदरच असतं, आणि आता ते बघायला मला भीती वाटत नाही. कामशेत मी मनापासून विचारात घेतलं होतं. पुणे-लोणावळा लोकल दारात, ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ज्यांची मुलं पुण्यात आहेत त्यांनी तळेगावला राहून कामशेतला उडावं असंच मी सांगेन. आमची मुलगी नेदरलँड्समध्ये, तेव्हा लोकलचा तो फायदा आम्हाला नव्हता. गोवा हिला आवडतं, पण बारा महिने घाम नको म्हणाली.

वाईतल्या भाड्याच्या घराचा हा तिसरा करार. घरमालक विकायचं म्हणतात, आम्ही बघू म्हणतो. आत्ता जुलै आहे. पसरणीचा घाट आठवडाभर ढगात आहे. आज सकाळी जरा उघडीप मिळाली म्हणून ग्लायडर पिशवीतून काढला आणि हवा लागावी म्हणून दिवाणखान्यात पंख्याखाली घड्या उलगडून पसरला. अकरा मीटरचा ग्लायडर बारा बाय चौदाच्या खोलीत काही मावत नाही. त्याचं एक टोक स्वयंपाकघरात गेलंय आणि तिथून विचारणा होतेय की पोळ्या कुठे लाटायच्या.